अमेरिकेत रुमॅटॉलॉजी फेलोशिपला अर्ज करताना: रेसिडेन्सीतल्या मराठी डॉक्टरांसाठी

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करणाऱ्या, किंवा नुकतीच मॅच होऊन (म्हणजे तिथली जागा पक्की होऊन) जूनअखेरच्या विमानाची वाट पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. भारतात एमडी झालेले बरेच जण विचारतात, की तिथून थेट फेलोशिपला येता येईल का? अपवाद सापडतात, पण त्यांच्या भरवशावर पुढची पाच वर्षं आखू नयेत. इथलं इंटर्नल मेडिसिनचं बोर्ड सर्टिफिकेट असल्याशिवाय रुमॅटॉलॉजीच्या बोर्डाला बसता येत नाही आणि त्यासाठी रेसिडेन्सी लागते. भारतातच डीएम करायचं असेल तर नीट-एसएस किंवा आयएनआय-एसएस हा मार्ग आहे. त्याची तयारी पूर्ण वेगळी, त्यामुळे तो विषय इथे घेत नाही.

आधी वेळेचं गणित

रेसिडेन्सी तीन वर्षांची, फेलोशिप दोन वर्षांची. ऐकायला निवांत वाटतं. पण अर्ज जातो तिसरं वर्ष सुरू होताना, जुलैमध्ये. म्हणजे अर्जात दाखवण्याजोगं जे काही असेल ते पहिल्या दोन वर्षांतच झालेलं असायला हवं. त्यातलं पहिलं वर्ष इंटर्नचं, नाइट फ्लोट (सलग रात्रपाळ्या) आणि आयसीयूत कधी सरतं ते कळतही नाही.

ढोबळ वेळापत्रक असं: मायइरास ही अर्जाची यंत्रणा जूनच्या सुरुवातीला उघडते, जुलैच्या सुरुवातीला अर्ज सबमिट करता येतो, जुलैच्या मध्यापासून प्रोग्राम अर्ज वाचू लागतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर मुलाखती, नोव्हेंबरमध्ये पसंतीक्रम आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मॅच. तारखा दर वर्षी थोड्या पुढेमागे होतात, म्हणून त्या त्या वर्षीचं वेळापत्रक मार्चमध्येच उघडून बघा.

जागा किती? कार्डिऑलॉजीत दर वर्षी हजारावर असतात. रुमॅटॉलॉजीत देशभरात सव्वाशेच्या आसपास प्रोग्राम आणि जागा अडीचशेहून थोड्या अधिक. बहुतेक ठिकाणी वर्षाला एक, दोन किंवा तीन फेलो घेतात. याचे दोन परिणाम होतात. पहिला उघड आहे: जागा जवळजवळ सगळ्या भरतात, आणि ‘कुठेच नाही जमलं तर रुमॅटॉलॉजी’ हा जुना समज आता चालत नाही. दुसऱ्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. हे क्षेत्र लहान असल्याने तुमचा अर्ज वाचणारे लोक एकमेकांना ओळखतात. तुमच्या शिफारसपत्राखाली ज्यांची सही आहे त्यांना मुलाखत घेणारे गेल्याच परिषदेत भेटलेले असतात. म्हणून इथे गुणांच्या आकड्यापेक्षा तुमच्याबद्दल कोण काय म्हणतं याला वजन जास्त.

संधिवाततज्ज्ञांचा तुटवडा आहे हे खरं. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०१५च्या मनुष्यबळ अभ्यासाचा अंदाज होता की २०३०पर्यंत मागणी पुरवठ्याच्या दुपटीहून पुढे जाईल. पण त्या तुटवड्याचा फायदा नोकरी शोधताना होतो. फेलोशिपच्या जागा निधीवर ठरतात आणि तो काही रुग्णांची रांग बघून वाढत नाही. बालरोगातून येणाऱ्यांसाठी चित्र उलटं आहे. पीडियाट्रिक रुमॅटॉलॉजी तीन वर्षांची असते आणि तिथे दर वर्षी बऱ्याच जागा रिकाम्या राहतात.

पहिलं वर्ष: माणसं शोधा, इलेक्टिव्ह पुढे ओढा

पहिली चौकशी ही, की तुमच्या रुग्णालयात रुमॅटॉलॉजीची फेलोशिप आहे का? असेल तर अर्धं काम झालं. कम्युनिटी हॉस्पिटलमध्ये बहुधा एखाद-दुसरे रुमॅटॉलॉजिस्ट असतात, कधी तेही आठवड्यातून काही दिवसच येतात. तरी त्यांना गाठा. रुमॅटॉलॉजीचं इलेक्टिव्ह (निवडीचं रोटेशन) आपोआप मिळेल तेव्हा ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मिळेल आणि तेव्हा उशीर झालेला असेल. चीफ रेसिडेंटना आधीच सांगून पहिल्या वर्षात, फार तर दुसऱ्याच्या पूर्वार्धात ते मागून घ्या. बाहेरच्या विद्यापीठात रोटेशन करायचं असेल तर परवानगी, विमा आणि व्हिसा या तिन्हींची विचारपूस काही महिने आधी सुरू करा.

इलेक्टिव्हमध्ये काय करायचं? हात लावायचा. भारतात शिकलेल्यांची ही जमेची बाजू आहे, कारण वॉर्डात ‘इन्स्पेक्शन, पाल्पेशन’ करत आपण वाढलेले असतो. सांध्याची सूज आणि सांध्यातलं दुखणं यांतला फरक बोटांनी ओळखता येणं, हे इथल्या अटेंडिंगना (वरिष्ठ डॉक्टरांना) चटकन दिसतं आणि आवडतं. गुडघ्यातलं पाणी काढायला शिका. काढलेलं पाणी लॅबला पाठवून मोकळे होऊ नका, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघा. युरेटचे सुईसारखे स्फटिक अक्षाला समांतर असताना पिवळे दिसतात, सीपीपीडीचे (कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे) चौकोनी तुकडे निळे. एकदा डोळ्यांनी पाहिलं की गाऊट आणि स्यूडोगाऊट पुन्हा गोंधळात पाडत नाहीत. मुलाखतीतही अशा गोष्टी पाठ केलेल्या आहेत की पाहिलेल्या, हे दोन वाक्यांत समजतं.

वॉर्डातून तुम्ही जे कन्सल्ट (तज्ज्ञाचं मत मागणारी विनंती) पाठवता त्यावरूनही तुमची ओळख बनत असते, हे ध्यानात ठेवा. रुमॅटॉलॉजीच्या फेलोला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘एएनए (स्वप्रतिपिंडांची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आहे, प्लीज बघा’. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीने २०१३मध्ये अनावश्यक गोष्टींची जी यादी काढली, तीत हेच होतं: एएनए पॉझिटिव्ह आणि रोगाचा वैद्यकीय संशय, हे दोन्ही असल्याशिवाय त्यापुढच्या उपचाचण्या मागवू नका. जो इंटर्न ‘एएनए १:८०, पण तोंडात व्रण नाहीत, लघवीत प्रथिनं नाहीत, सांधे कोरडे, मला ल्युपस वाटत नाही, तुमचं मत हवं’ असा फोन करतो, त्याचं नाव फेलो त्याच दुपारी अटेंडिंगच्या कानावर घालतात.

संशोधन: किती आणि कधी

प्रयोगशाळेत वर्ष काढल्याशिवाय फेलोशिप मिळत नाही, ही अफवा आहे. पण कोरा सीव्ही घेऊन जाऊ नये हेही तितकंच खरं.

इथे एक तारीख लोकांना चकवते. रुमॅटॉलॉजीची सर्वात मोठी वार्षिक परिषद, एसीआर कन्व्हर्जन्स, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि तिचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट उन्हाळ्याच्या तोंडाशी मागवले जातात. तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवलंत तर जुलैच्या अर्जात ते फक्त ‘पाठवलं आहे’ म्हणून लिहिता येतं. ‘सादर केलं’ असं लिहायचं तर ते पहिल्या वर्षाच्या शेवटी गेलेलं हवं. म्हणजे प्रकल्पाची कल्पना इंटर्नशिपच्या थंडीतच ठरायला हवी. हे जमलं नाही तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या राज्य शाखांची संमेलनं आहेत. तिथे रेसिडेंटच्या केसची पोस्टर घेतली जातात आणि एका चांगल्या केसवर काम भागतं.

मला विचाराल तर रेसिडेंटने गुणवत्ता-सुधारणेचा एखादा छोटा प्रकल्प पूर्ण करावा. विषय समोर पडलेले असतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या रुग्णांचा डोस वजनाच्या हिशेबाने किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत आहे का, आणि डोळ्यांची तपासणी होते आहे का? गाऊटच्या रुग्णांचं युरिक अ‍ॅसिड ६च्या खाली आणलं जातं की अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमवर वर्षानुवर्षं तसंच पडून आहे? बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयरोग आणि हेपटायटिस बीची तपासणी झाली का? तीन महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हाडांकडे कुणी बघितलं का? यांपैकी एक प्रश्न धरा, शंभरेक नोंदी तपासा, एक बदल करा, पुन्हा मोजा. अर्धवट सोडलेल्या चार मोठ्या अभ्यासांपेक्षा असं एक पुरं झालेलं काम मुलाखतीत जास्त बोलतं.

आपल्याकडचा अनुभवही वापरा. २००६च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर महाराष्ट्रात महिनोन्महिने सांधे धरून बसलेले रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत, किंवा क्षयाच्या भीतीने बायोलॉजिक देताना थबकलेले प्राध्यापक पाहिले आहेत, त्यांच्याकडे इथल्या मुलांपाशी नसलेलं काहीतरी आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली कोपकॉर्डचं (समाजातल्या संधिवाताच्या नियंत्रणासाठीच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचं) सर्वेक्षण सुरू झालं. गावात घरोघरी जाऊन सांधेदुखी मोजण्याच्या कामात त्याचं नाव जगभर घेतलं जातं. तुमची इंटर्नशिप ग्रामीण आरोग्य केंद्रात झाली असेल तर साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या मुलाखतकाराशी बोलायला हा धागा उत्तम.

शिफारसपत्रं

प्रत्येक प्रोग्रामला चारपर्यंत पत्रं लावता येतात. एक तुमच्या प्रोग्राम डायरेक्टरचं, ते लागतंच. उरलेल्यांपैकी निदान एक, शक्यतो दोन रुमॅटॉलॉजिस्टची हवीत. चौथं ज्यांनी तुम्हाला वॉर्डात घाम गाळताना पाहिलं आहे अशा कुणाचंही चालेल. भारतातल्या विभागप्रमुखांच्या पत्राला इथे फारसं वजन नसतं, ते कितीही मोठे असोत.

पत्र मागताना आपल्याला अवघड जातं. ‘सरांना कसं विचारायचं’ या विचारात मे महिना निघून जातो. एप्रिलमध्येच विचारा, आणि असंच विचारा: ‘माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का?’ समोरचा क्षणभर घुटमळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. होकार आला की सीव्ही, व्यक्तिगत निवेदनाचा मसुदा आणि तुम्ही त्यांच्यासोबत पाहिलेल्या दोन-तीन रुग्णांची आठवण करून देणारी चार ओळींची टिपणी पाठवा. ‘कष्टाळू, वक्तशीर, नम्र’ असं पत्र वाचणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. ‘या रेसिडेंटने रात्री दोन वाजता जायंट सेल आर्टरायटिसचा संशय घेऊन स्टेरॉइड सुरू करून घेतलं आणि रुग्णाची दृष्टी वाचली’ असं पत्र लक्षात राहतं, पण ती रात्र त्यांना आठवायला हवी. पत्र वाचण्याचा हक्क सोडतो, या चौकटीवर खूण करा. नाही केली तर पत्रावरचा विश्वास कमी होतो. पत्र लेखक स्वतः अपलोड करतात. तुम्ही फक्त मायइरासमधून निघणारा विनंती-अर्ज द्यायचा आणि जूनमध्ये एकदा हळूच आठवण करायची.

व्यक्तिगत निवेदन

एक पान. आजीच्या वाकड्या बोटांपासून सुरुवात करू नका. रुमॅटॉलॉजीच्या निवेदनांत इतक्या आज्या भेटतात की वाचणाऱ्याला आता चेहरे वेगळे करता येत नाहीत. आजीमुळेच इकडे वळला असाल तर एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. त्याऐवजी असा रुग्ण निवडा, ज्याचं निदान सरळ लागलं नाही, आणि तुम्ही कसा विचार केलात ते लिहा. या शाखेत अनिश्चितता रोजची आहे. तिच्यासोबत शांतपणे बसता येतं का, हेच वाचणारा शोधत असतो. परीक्षेतलं अपयश किंवा मधली रिकामी वर्षं असतील तर दोन वाक्यांत कारण द्या, सबबी नकोत. शेवटचा परिच्छेद पुढे काय करायचं आहे यावर: क्लिनिक, अध्यापन, संशोधन, जे खरं असेल ते.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण चुकला तर अर्ज अडतो. ईएफडीओकडून (फेलोशिपच्या अर्जांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून) टोकन घ्यायचं, त्यावर मायइरासमध्ये नोंदणी. एमएसपीई (वैद्यकीय महाविद्यालयाचं मूल्यमापन-पत्र), एमबीबीएसची गुणपत्रिका, यूएसएमएलईचे (अमेरिकी परवाना परीक्षेचे) गुण, ईसीएफएमजीची (परदेशी पदवीधरांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची) स्थिती, फोटो. रेसिडेन्सीच्या वेळी दिलेलं काय वापरता येतं आणि काय नव्याने द्यावं लागतं ते खातं उघडून स्वतः तपासा. महाराष्ट्रातल्यांची एक खास अडचण नावाची असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव आहे ना, हे मार्चमध्ये बघा, जूनमध्ये नको.

किती ठिकाणी अर्ज करायचा? व्हिसा नको असेल आणि घरच्या रुग्णालयात फेलोशिप असेल तर निवडक ठिकाणी पुरे. व्हिसा हवा असेल तर तुमचा व्हिसा देणाऱ्या जवळजवळ सगळ्या प्रोग्रामना करा. प्रोग्रामच्या वेबसाइटवरची व्हिसाची माहिती कधी कधी जुनी असते. को-ऑर्डिनेटरला दोन ओळींचा ईमेल पाठवून विचारलेलं बरं.

व्हिसाची गाठ

जे-१ हा सर्वसामान्य रस्ता. प्रशिक्षणासाठी एकूण सात वर्षांची मुदत असते, त्यात तीन अधिक दोन आरामात बसतात, मध्ये चीफ रेसिडेंटचं वर्ष केलं तरीही. मात्र नव्या उपशाखेत जाताना दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ पुन्हा लागतं. रेसिडेन्सीच्या वेळचं पत्र पुरत नाही. डिसेंबरमध्ये मॅच झाल्या झाल्या त्या कामाला लागा.

प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. ती माफ करून घ्यायचा नेहमीचा मार्ग म्हणजे १९९४ पासूनची कॉनराड योजना: प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात तीन वर्षं काम. काही राज्यं प्राथमिक सेवेच्या डॉक्टरांना आधी घेतात आणि तज्ज्ञांना उरलेल्या जागा देतात. फेलोशिपनंतर कुठल्या राज्यात राहायचं हे ठरवताना त्या राज्याचे नियम आधी वाचा.

एच-१बीसाठी यूएसएमएलईची तिसरी पायरी पार केलेली हवी आणि एकूण मुदत सहा वर्षं. विद्यापीठाच्या रुग्णालयातून नंतर खासगी प्रॅक्टिसमध्ये जाताना वार्षिक कोट्याची लॉटरी आडवी येऊ शकते, हे बरेच जण फेलोशिपच्या शेवटी शिकतात. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून रुग्णालयं या व्हिसाबद्दल आणखी सावध झाली आहेत. तुमच्या बाबतीत ते लागू होतं का, हे मित्राच्या मित्राला विचारू नका. वकिलाला विचारा.

संशोधनाकडे ओढा असलेल्यांसाठी आणखी एक. काही प्रोग्राम तिसरं वर्ष संशोधनाचं देतात आणि त्याचा पैसा बहुतेकदा एनआयएचच्या (अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या) टी-३२ या प्रशिक्षण अनुदानातून येतो. ते फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतं. मुलाखतीत ‘मला तिसरं वर्ष करायचं आहे’ म्हणण्याआधी, व्हिसावरच्या फेलोला त्यासाठी पैसा कुठून मिळेल ते विचारा.

मुलाखत

बहुतेक मुलाखती आता घरातून, पडद्यावर होतात. का रुमॅटॉलॉजी, एखादी लक्षात राहिलेली केस, तुमचा प्रकल्प, पाच वर्षांनी कुठे: याभोवती सगळं फिरतं. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना आपण ‘आमच्या टीमने केलं’ म्हणून मोकळे होतो. टीमने केलं ते सांगा, पण त्यातलं तुम्ही काय केलं तेही स्पष्ट सांगा.

प्रश्न तुम्हीही विचारायचे. आठवड्याला किती क्लिनिक, रुग्णालयातल्या कन्सल्टचा भार किती, गेल्या दोन वर्षांत किती प्राध्यापक सोडून गेले? सांध्यांच्या अल्ट्रासाउंडचं प्रशिक्षण आहे का, की मशीन कपाटात आहे? मागचे फेलो कुठे नोकरीला लागले? हे शेवटचे दोन प्रश्न प्रोग्राम डायरेक्टरपेक्षा सध्याच्या फेलोंना एकटं गाठून विचारा.

पसंतीक्रम आणि त्यानंतर

एनआरएमपीच्या (मॅच चालवणाऱ्या संस्थेच्या) मेडिकल स्पेशालिटीज मॅचमध्ये वेगळी नोंदणी करावी लागते. इरासमध्ये अर्ज भरला म्हणजे ती झाली असं नाही. यादी तुमच्या खऱ्या आवडीच्या क्रमाने लावा. ‘तिथे मिळणं कठीण, म्हणून खाली टाकतो’ हा हिशेब चुकीचा आहे. ही पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरुवात करते, वर स्वप्नातला प्रोग्राम ठेवल्याने खालचा हातचा जात नाही. तिच्यामागच्या सिद्धान्तासाठी आणि व्यवहारातल्या रचनेसाठी शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आहे, तेव्हा तिला चकवायचा प्रयत्न सोडा. जिथे जायचंच नाही ते नाव यादीत घालू नका, कारण मॅचचा निकाल बंधनकारक असतो. ‘आम्हाला कितव्या नंबरवर ठेवणार’ असं प्रोग्रामने विचारणं नियमबाह्य आहे. कुणी विचारलंच तर हसून विषय बदला.

मॅच झाली नाही तर रिकाम्या राहिलेल्या मोजक्या जागांवर त्याच आठवड्यात ईमेल करा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असेल तर मधलं वर्ष कसं काढायचं हे व्हिसावर ठरतं. ग्रीन कार्ड असेल तर हॉस्पिटलिस्टची (फक्त दाखल रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरची) नोकरी आणि सोबत रुमॅटॉलॉजी विभागात संशोधन, ही चांगली जोडी. जे-१वर माफीशिवाय हॉस्पिटलिस्ट होता येत नाही, म्हणून चीफ रेसिडेंटचं वर्ष हा तुमचा पहिला पर्याय. त्याबद्दल तुमच्या प्रोग्राम डायरेक्टरशी डिसेंबरआधीच बोलून ठेवा.

मॅच झाली तर नव्या राज्याच्या वैद्यकीय परवान्याचा अर्ज जानेवारीत भरा, काही राज्यांत त्याला महिने लागतात. इंटर्नल मेडिसिनचं बोर्ड ऑगस्टच्या आसपास येतं, म्हणजे फेलोशिपच्या पहिल्याच आठवड्यांत, नवं शहर आणि नवे कन्सल्ट सांभाळत. अभ्यास मे-जूनमध्ये उरकलेला बरा.